साडेबारा टक्क्यांचा देश

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय 'कंपनी कर आणि न्याय' असा जाहीर झाला आहे. विषय अवाढव्य आहे आणि तासाभरात तो पुरा करण्याचा आव मी आणणार नाही. म्हणून मी एकच देश घेतो. आयर्लंड. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेप्रमाणे ५१ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्मीसुद्धा नाही. पण कंपन्यांवरचा कर कमी करावा असं म्हणणाऱ्या कुणाशीही, जगात कुठंही, वाद घाला. पाचव्या मिनिटाला आयर्लंडचं नाव निघतंच. 'बघा, त्यांनी कर साडेबारा टक्क्यांवर आणला आणि गरीब देश श्रीमंत झाला.' हे विधान इतक्या वेळा म्हटलं गेलं आहे की ते आता कुणी तपासत नाही. आज आपण ते तपासू या.

आपला आणि त्या देशाचा एक धागाही आहे. २०१७ ते २०२० आणि पुन्हा २०२२ ते २०२४ या काळात आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराड गावचे. त्या वेळी आपल्या वर्तमानपत्रांनी कौतुकानं पानं भरली आणि ते योग्यच होतं. पण त्याच वराडकरांच्या सरकारनं न्यायालयात कोणता खटला नेटानं चालवला, हे त्या पानांत फारसं आलं नाही. तो खटला होता, 'आम्हाला तेरा अब्ज युरो नकोत' असा.

तुम्ही बरोबर ऐकलंत. सरकारचं म्हणणं होतं की हे पैसे आम्हाला मिळू नयेत. या खटल्याकडे आपण येऊच, पण आधी थोडा इतिहास पाहू. कारण टीका करायची तर समोरच्याची बाजू नीट मांडून मगच करावी, नाहीतर ती टीका राहत नाही, शेरेबाजी होते.

१९५० च्या दशकातला आयर्लंड डोळ्यांसमोर आणा. शेती आणि गुरं, बाकी काही नाही. त्या एका दशकात सुमारे चार लाख माणसं देश सोडून गेली. १९६१ मध्ये लोकसंख्या २८ लाखांवर उतरली होती. म्हणजे तरुण पिढीच्या पिढी बोटीत बसून इंग्लंड-अमेरिकेला जात होती. कोकणातली माणसं मुंबईला गेली, तसंच काहीसं. फरक इतकाच की मुंबई आपल्याच देशात होती. अशा देशानं काय करायचं? खनिजं नाहीत, भांडवल नाही, मोठी बाजारपेठ नाही. १९५६ मध्ये त्यांनी निर्यातीच्या नफ्यावर करसवलत सुरू केली. १९५८ मध्ये व्हिटेकर या सरकारी अधिकाऱ्याचा आर्थिक विकासाचा प्रसिद्ध अहवाल आला आणि देशानं परकीय भांडवलासाठी दारं उघडली. पुढे युरोपीय समुदायानं निर्यात-सवलतीला हरकत घेतली, तेव्हा १९८१ पासून कारखानदारीवर सरसकट दहा टक्के कर आला. त्यालाही हरकत आली, की फक्त कारखानदारीला स्वस्त दर का? मग २००३ पासून सगळ्याच व्यापारी नफ्यावर साडेबारा टक्के.

हा इतिहास पाहिला की त्या देशाला चोर म्हणणं अवघड जातं. छोट्या देशाकडे विकायला काय असतं? सरकारचा शब्द, आणि स्वतःच्या कायद्यातला एक आकडा. त्यांनी तो आकडा विकला. मला यात मुळात पाप दिसत नाही. कर किती ठेवावा हा तिथल्या लोकांचा अधिकार आहे, आणि गेली कित्येक दशकं तिथले मुख्य पक्ष या एका आकड्यावर एकमतानं उभे आहेत.

मग माझी टीका कशावर आहे? तीन दाव्यांवर. पहिला, करानं देश श्रीमंत केला. दुसरा, सगळ्यांना एकच दर, म्हणून हा न्याय. तिसरा, शेवटी तिजोरी भरली ना, मग तक्रार कसली?

पहिला दावा. बघा, करसवलत आली १९५६ मध्ये. दहा टक्क्यांचा दर आला १९८१ मध्ये. मग १९८० चं दशक सुगीचं असायला हवं होतं. प्रत्यक्षात काय झालं? त्या दशकाच्या मध्यावर बेकारी सोळा-सतरा टक्क्यांवर पोचली, सरकार कर्जात बुडालं, आणि पोरं पुन्हा बोटीऐवजी विमानात बसून देश सोडू लागली. कर तेव्हाही कमीच होता! भरभराट आली ती १९९० च्या दशकात. मधल्या काळात काय काय झालं होतं? १९६७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं होतं, त्या शाळांतून बाहेर पडलेली पिढी कामाला लागली होती. १९७३ मध्ये देश युरोपीय समुदायात गेला होता, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपची एकसंध बाजारपेठ उभी राहिली. अमेरिकन कंपनीला युरोपात माल विकायचा, तर इंग्रजी बोलणारा, शिकलेला, आणि जकातीच्या भिंतीच्या आतला देश हवा होता. कमी कर हे त्यावरचं तोंडी लावणं होतं. नुसतं तोंडी लावणं देऊन कुणाचं पोट भरत नाही. जगात शून्य टक्के कर असलेली बेटं आहेत, तिथं कारखाने उभे राहिलेले नाहीत, पत्रपेट्या उभ्या राहिल्या आहेत.

म्हणून 'आयर्लंडसारखा कर करा, आयर्लंडसारखे व्हाल' हे जे सांगितलं जातं, त्यात मोफत शाळेचा भाग गाळलेला असतो. तो का गाळतात? कारण शाळेला पैसा लागतो आणि तो पैसा करातूनच येतो.

आता दुसरा दावा, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा हाच आहे. सगळ्यांना एकच दर. कॉर्कमधल्या बिस्किटाच्या छोट्या कंपनीलाही साडेबारा आणि अ‍ॅपललाही साडेबारा. ऐकायला किती समतेचं वाटतं! अ‍ॅपल १९८० मध्येच कॉर्कला आली होती, खरा कारखाना, खरी माणसं, खरा रोजगार. हे मान्य करू. पण ३० ऑगस्ट २०१६ रोजी युरोपीय आयोगाच्या स्पर्धा आयुक्त मार्ग्रेथ व्हेस्टेयर यांनी जो निर्णय जाहीर केला, त्यात वेगळंच चित्र होतं. आयर्लंडच्या करखात्यानं १९९१ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये अ‍ॅपलच्या दोन कंपन्यांना नफा कसा मोजायचा याची पत्रं दिली होती. त्या मोजणीप्रमाणे २०११ साली एका कंपनीच्या सुमारे १६ अब्ज युरो नफ्यापैकी आयर्लंडमध्ये करपात्र धरले गेले फक्त पाच कोटींच्या आसपास. बाकीचा नफा गेला 'मुख्य कार्यालया'कडे. हे मुख्य कार्यालय कुठं होतं? कुठंच नव्हतं. आयोगाच्या म्हणण्यानुसार त्याला जागा नव्हती, कर्मचारी नव्हते, ते फक्त कागदावर होतं.

हे जमलं कसं, ते सोप्या भाषेत सांगतो. अमेरिकेचा कायदा म्हणायचा, कंपनी नोंदली कुठं ते बघा. ही नोंदली आयर्लंडमध्ये, म्हणजे आमची नाही. आयर्लंडचा तेव्हाचा कायदा म्हणायचा, कंपनीचा कारभार कुठून चालतो ते बघा. हिचा चालतो बाहेरून, म्हणजे आमची नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण आपल्याला माहीत आहे. इथं उलटं झालं. दोन्ही घरांनी 'हा आमचा नाही' म्हटलं आणि पाहुणा दोन्हीकडे जेवून हात धुऊन गेला. आयोगाच्या हिशेबानं २०१४ मध्ये प्रत्यक्ष कर पडला ०.००५ टक्के. म्हणजे दहा लाख युरो नफ्यावर पन्नास युरो.

त्याच वेळी त्या बिस्किटवाल्याला साडेबारा टक्के. आणि जो कंपनीही नाही, नुसता दुकानदार आहे किंवा पगारदार आहे, त्याला प्राप्तिकराचा वरचा दर चाळीस टक्के. त्यावर सामाजिक विमा आणि इतर आकार धरले की वरच्या कमाईवर पन्नासच्याही पुढं. आता सांगा, एकच दर कुठं राहिला?

माझा मुद्दा नीट लक्षात घ्या. कमी दर हा अन्याय नव्हे. कमी दर कायद्याच्या पुस्तकात छापलेला असतो, तो शत्रूलाही वाचता येतो, त्यावर निवडणूक लढवता येते. अन्याय सुरू होतो तो ज्याला खात्याच्या दारात जाऊन हिशेबाची रीत ठरवून घेता येते त्याच्यापासून. बिस्किटवाल्याला ते दार माहीतही नसतं. दर सगळ्यांचा असतो. मोजमाप ज्याचं त्याचं. आणि बाजारात फसवणूक भावात कमी होते, मापात जास्त होते, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं.

तर आयोगानं सांगितलं, २००३ ते २०१४ या काळातले १३ अब्ज युरो आयर्लंडनं वसूल करावेत. त्या वेळच्या लोकसंख्येनं भागलं तर माणशी सुमारे २,७०० युरो. तान्ह्या बाळासकट. आणि आयर्लंडच्या सरकारनं या निर्णयाविरुद्ध अपील केलं. पैसे वसूल करून वेगळ्या खात्यात ठेवले आणि 'हे आमचे नव्हेत' असं न्यायालयात सांगत राहिले. २०२० मध्ये खालच्या न्यायालयानं आयोगाचा निर्णय रद्द केला. अखेर १० सप्टेंबर २०२४ रोजी युरोपच्या सर्वोच्च न्यायालयानं तो रद्दबातल निकाल फिरवला आणि प्रकरण संपलं. पैसे आयर्लंडचेच ठरले. हरलेल्या पक्षाच्या तिजोरीत व्याजासकट चौदा अब्ज आले, असा खटला मी तरी दुसरा ऐकलेला नाही.

इथं सरकारची बाजू हसण्यावारी नेऊ नका. त्यांचं म्हणणं होतं की आम्ही कंपनीला शब्द दिला होता. मागल्या वर्षांचा हिशेब आज नव्यानं मांडला तर उद्या आमच्यावर कोण विश्वास ठेवील? हे आपल्याला समजायला हवं, कारण आपण ते भोगलं आहे. व्होडाफोन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयात हरल्यावर भारत सरकारनं २०१२ मध्ये पूर्वलक्षी प्रभावानं कायदा बदलला, जगभर नाचक्की झाली आणि २०२१ मध्ये तो मागं घ्यावा लागला. तेव्हा 'शब्द पाळणं' याला किंमत आहे, मी ती नाकारत नाही. पण शब्द कुणी दिला? संसदेनं दिलेला शब्द आणि करखात्यानं बंद दाराआड दिलेला शब्द, यांची पत एकच कशी असेल? ज्या शब्दाची खबर मतदाराला नव्हती, तो पाळण्यासाठी मतदाराच्या वाट्याचे पैसे नाकारायचे, हा शब्दाचा मान नव्हे. हा मिंधेपणा आहे.

आणि शब्द पाळण्याचा हा बाणा सगळ्यांच्या बाबतीत दिसला का? २००८ मध्ये तिथल्या बँका कोसळल्या. बँका वाचवायला सरकारनं सुमारे ६४ अब्ज युरो ओतले. २०१० च्या नोव्हेंबरात देश युरोप आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या दारात गेला, ८५ अब्जांचं पॅकेज ठरलं. मग पगार कापले, नवा सार्वत्रिक सामाजिक कर २०११ पासून लावला, २०१२ मध्ये मूल्यवर्धित कर २१ वरून २३ टक्के केला, काही महिने किमान वेतनसुद्धा तासाला एक युरोनं कापलं होतं. या सगळ्यात एकच आकडा हलला नाही. साडेबारा. फ्रान्सनं दबाव आणला, तरीही नाही. म्हणजे बघा, किमान वेतनावरच्या माणसाला दिलेला शब्द परिस्थितीप्रमाणे बदलता येतो, कंपनीला दिलेला शब्द बदलता येत नाही. न्यायाचा प्रश्न म्हणतात तो हा. संकटात कुणाचा शब्द आधी मोडतो, त्यावरून राज्य कुणाचं आहे ते कळतं.

आता तिसरा दावा. 'अहो, पण तिजोरी भरली!' भरली, हे खरं आहे. २०१४ मध्ये कंपनी करातून साडेचार अब्जांच्या थोडे वर आले होते. २०२२ मध्ये साडेबावीस अब्जांच्या वर. २०२४ मध्ये अ‍ॅपलच्या निकालाचे सुमारे अकरा अब्ज धरून एकोणचाळीस. छोट्या देशासाठी ही लॉटरीच. दोन राखीव निधी काढून काही रक्कम बाजूला टाकायलाही त्यांनी सुरुवात केली आहे, हे शहाणपणाचं आहे. पण लॉटरीच्या तिकिटावर संसार चालवू नये, हेही आपल्याच घरात शिकवलं जातं. या कराचा निम्म्याहून जास्त हिस्सा फक्त दहा कंपन्यांकडून येतो. एका कंपनीच्या संचालक मंडळानं एका बैठकीत आपली बौद्धिक संपदा दुसरीकडे न्यायची ठरवली, तर डब्लिनमधल्या अंदाजपत्रकाला भोक पडतं. तिथल्या मतदाराला त्या बैठकीत जागा नाही.

दुसरी गोष्ट त्याहून गमतीची, आणि खरं तर दुःखाची. २०१५ साली आयर्लंडचं सकल उत्पादन एका वर्षात २६.३ टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. रस्त्यावर तर कुणी श्रीमंत झालेलं दिसत नव्हतं! झालं होतं एवढंच, की मोजक्या बड्या कंपन्यांनी आपली पेटंटं आणि हक्क कागदोपत्री तिथं हलवले. अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन यांनी याला 'लेप्रिकॉन अर्थशास्त्र' असं नाव दिलं. लेप्रिकॉन म्हणजे आयरिश लोककथेतला सोन्याचा हंडा राखणारा बुटका. हंडा दिसतो, हाती लागत नाही. शेवटी त्यांच्या सांख्यिकी खात्याला देशाचं खरं उत्पन्न मोजायला वेगळं माप तयार करावं लागलं. ते माप अलीकडच्या वर्षांत अधिकृत उत्पादनाच्या साठ टक्क्यांच्याही आत आहे. म्हणजे ज्या देशानं आपला हिशेब दुसऱ्यांच्या सोयीसाठी वाकवला, त्याला स्वतःची उंची मोजता येईना.

आणि भरलेल्या तिजोरीशेजारी काय आहे? २०२५ च्या सुरुवातीला सरकारी आपत्कालीन निवाऱ्यांत राहणारी माणसं पंधरा हजारांच्या वर होती. मुलांसकट. घरांची टंचाई एकट्या करधोरणामुळे झाली असं मी म्हणणार नाही, तो खोटेपणा होईल. मात्र पैसा असूनही घर नाही, तेव्हा 'तिजोरी भरली ना' हे उत्तर पुरत नाही, एवढं नक्की.

शिवाय तो पैसा होता कुणाचा? आयर्लंडमध्ये नोंदवलेला नफा आयरिश माणसानं आयफोन विकत घेतल्यामुळे झालेला नव्हता. तो जर्मनीतल्या, फ्रान्समधल्या दुकानांतला होता. आपलाही वाटा यात आहे. गुगलच्या जाहिरातींचा भारतातला व्यवहार कित्येक वर्षं आयर्लंडमधल्या कंपनीशी कराराने बांधलेला होता, त्याचा खटला आपल्या आयकर न्यायाधिकरणात बंगळूरला गाजला. पुण्यातल्या क्लासवाल्यानं जाहिरात द्यायची ती पुण्यातल्या पोरांसाठी, आणि पैशाची वाट डब्लिनवरून. म्हणूनच भारतानं २०१६ मध्ये परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर सहा टक्के समानीकरण आकार लावला. एप्रिल २०२५ पासून तो रद्द झाला, तोही अमेरिकेशी व्यापाराची बोलणी चालू असताना. तेव्हा छोट्या देशाचा सार्वभौम अधिकार म्हणताना हेही बोला, की तो अधिकार दुसऱ्या छोट्या माणसाच्या खिशातून वापरला जातो.

एक चिठ्ठी आली आहे. 'कर वाढवला तर कंपन्या निघून जातील, मग काय?' चांगला प्रश्न आहे. याचं उत्तर तर्कानं देण्याची गरज उरलेली नाही, कारण प्रयोगच झाला आहे. २०२१ च्या ऑक्टोबरात आयर्लंडनं जागतिक किमान पंधरा टक्के कर मान्य केला. त्याआधी 'किमान पंधरा' या मसुद्यातला 'किमान' अर्थाचा शब्द काढून घ्यायला त्यांनी भाग पाडलं, इतकी भीती होती. २०२४ च्या जानेवारीपासून ७५ कोटी युरोंहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तो लागू झाला. कंपन्या गेल्या का? नाही गेल्या. त्या वर्षी अ‍ॅपलची रक्कम सोडूनही वसुली अठ्ठावीस अब्जांवर गेली. कारखाना, शिकलेली माणसं आणि युरोपची बाजारपेठ पाठीवर घेऊन कुणी अडीच टक्क्यांसाठी पळत नाही. धोका आहे तो दुसरीकडून. २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी पहिल्याच दिवशी या जागतिक कराराला अमेरिकेत काही अर्थ नाही असा आदेश काढला. म्हणजे छोट्या देशाला खरं संरक्षण देणारा सामाईक नियम दुबळा होतो आहे. एकट्यानं स्वस्त होत राहण्यात संरक्षण नसतं, त्यात नेहमी तुमच्याहून स्वस्त कुणीतरी सापडतो.

आता घराकडे वळतो आणि थांबतो. २० सप्टेंबर २०१९ ला आपल्या केंद्र सरकारनं सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी मूळ दर २२ टक्के आणि नव्या कारखान्यांसाठी १५ टक्के केला. सोडलेला महसूल सरकारच्याच अंदाजानं वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी. २०२३-२४ मध्ये कंपन्यांच्या करापेक्षा तुमचा-माझा प्राप्तिकर जास्त जमा झाला. राज्याराज्यांत तर रोजची चढाओढ आहे. २०२२ मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातला गेला म्हणून आपण महाराष्ट्रात केवढा गदारोळ केला! पुढच्याच वर्षी फॉक्सकॉननं अंग काढून घेतलं. त्या गदारोळात 'प्रकल्प का गेला' हे सगळ्यांनी विचारलं. 'आपण काय देऊ केलं होतं, आणि ते कुणाच्या वाट्याचं होतं' हे विचारणारे फार थोडे.

आयर्लंडकडून शिकायचं असेल तर मला वाटतं तीन प्रश्न शिकावेत. सवलत कायद्यात छापलेली आहे, की एखाद्या दालनात ठरलेली? ती बिस्किटवाल्यालाही मिळते का? आणि वाईट दिवस आले तर पहिला कुणाचा शब्द मोडायचा, हे ठरलं आहे का? या तिन्हींची उत्तरं चोख असतील तर दर साडेबारा ठेवा नाहीतर पंचवीस, मी तुमच्याशी भांडणार नाही. उत्तरं नसतील तर दर कितीही असो, तो फक्त ज्यांना दुसरं दार माहीत नाही त्यांच्यासाठीच असतो.

उरलेल्या चिठ्ठ्या घेऊ या.